जीव वाचला, हे उत्तर नव्हे

प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसानं ‘लघवी गळते’ असं म्हटलं की आपल्याकडे त्याला एक ठरलेलं उत्तर मिळतं : ‘अहो, जीव वाचला ना? मग!’ हे उत्तर मुलगा देतो, व्याही देतात, कधी कधी सर्जनही देतात. परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्यासपीठावरून एका निवृत्त डॉक्टरांनीही तेच दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हल्ली रोबोटमुळे गळतीचा प्रश्न जवळपास संपलेला आहे, ज्यांना अजून गळती आहे त्यांनी व्यायाम मनावर घेतलेला नसतो, आणि तसंही या वयात थोडंफार होणारच, तेव्हा देवाचे आभार मानावेत आणि तक्रारीचा सूर सोडावा. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत डायपर घालून बसलेले निदान दोघे होते. त्यातला एक मी.

डॉक्टर सज्जन आहेत, आणि कर्करोगाची धास्ती घेतलेल्या लोकांना धीर द्यावा हा त्यांचा हेतूही चांगला होता. पण त्यांच्या बोलण्यातला एकेक मुद्दा तपासून पाहिला तर एकही धड उभा राहत नाही. आणि अशा बोलण्याचा परिणाम गंभीर आहे : ज्या त्रासावर उपाय आहे त्या त्रासाचा माणूस उच्चारच करीनासा होतो.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून असते. लघवी रोखणारी यंत्रणा दोन ठिकाणी आहे. एक मूत्राशयाच्या मानेशी. ती आपोआप चालते, आपल्याला तिचा पत्ताही नसतो. दुसरी प्रोस्टेटच्या खाली. ती आपल्या इच्छेनं आवळता येते. कर्करोगासाठी अख्खी प्रोस्टेट काढतात तेव्हा वरची यंत्रणा बहुतांशी तिच्याबरोबर जाते. मग मूत्राशय खाली ओढून मूत्रनलिकेला शिवतात, आठवडा-दोन आठवडे लघवीची नळी ठेवतात आणि ती काढली की सगळा भार खालच्या एकट्या स्नायूवर येतो. वाड्याचे दोन दरवाजे होते, आतला काढून टाकला आणि बाहेरच्या दरवाज्यावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराला सांगितलं की आता दिवसरात्र तूच बघ, असा हा प्रकार. खोकला, शिंक, खुर्चीतून उठणं, पिशवी उचलणं, मोठ्यानं हसणं, यांनी पोटातला दाब वाढतो आणि रखवालदार हरतो. रात्री आडवं झाल्यावर बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. दुपारनंतर स्नायू थकतो तसा वाढतो. म्हणून सकाळी बागेत भेटलेला माणूस ठणठणीत दिसतो आणि तोच संध्याकाळच्या लग्नाला यायचं टाळतो. त्याला माणूसघाणा म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

इथे एका गैरसमजाचा निकाल लावायला हवा, कारण तो घरोघर आहे. ‘माझंही प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, मला तर काही होत नाही,’ असं सांगणारे शेजारी प्रत्येकाला भेटतात. त्यांचं ऑपरेशन बहुधा दुर्बिणीतून, वाढलेल्या प्रोस्टेटचा आतला भाग खरवडून काढण्याचं असतं. त्यात ग्रंथीचं कवच जागेवरच राहतं. दोन्ही ऑपरेशनं एका नावानं ओळखली जातात, एवढाच त्यांचा संबंध. शेजाऱ्यांच्या तुलनेनं उगाच खजील होऊ नये.

आता ‘जीव वाचला’ याकडे येतो. या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : गळती ही प्राणाची किंमत होती आणि ती द्यावीच लागणार होती. काहींच्या बाबतीत हे खरं आहे. स्कँडिनेव्हियात ६९५ रुग्णांवर झालेल्या एका जुन्या चाचणीत, ज्यांचं निदान बहुतांशी पीएसए ही रक्ताची तपासणी रुळण्याआधी लक्षणांवरून झालं होतं, शस्त्रक्रिया झालेल्यांना २३ वर्षांच्या अखेरीस सरासरी २.९ वर्षांचं जास्तीचं आयुष्य मिळालं. पण ब्रिटनमध्ये पीएसए तपासणीतून सापडलेल्या, ग्रंथीपुरत्या मर्यादित कर्करोगाच्या १,६४३ पुरुषांची ‘प्रोटेक्ट’ ही चाचणी झाली. एका गटाची शस्त्रक्रिया, एकाला किरणोपचार, एकावर नुसती देखरेख. १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली आले. तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेटच्या कर्करोगानं मृत्यू सुमारे २.७ टक्के, आणि गटागटांत म्हणावा असा फरक नाही. देखरेखीच्या गटात कर्करोग शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र सुमारे दुप्पट होतं, ९.४ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ४.७. ही बाब लपवण्यात अर्थ नाही. कुणी देखरेख निवडावी, कुणी शस्त्रक्रिया, हे गाठीची जात, तिची आक्रमकता सांगणारा ग्लीसनचा आकडा, वय आणि माणसाचा स्वभाव पाहून ठरतं. पण शस्त्रक्रिया झालेल्या सरसकट प्रत्येकाला ‘तुमचा जीव वाचला’ म्हणण्याचा अधिकार या आकड्यांनंतर कुणालाच राहत नाही. काहींचा वाचला. काहींचा शस्त्रक्रियेविनाही इतकी वर्षं शाबूत राहिला असता.

त्याच चाचणीत दुसरीही नोंद ठेवली गेली, जी व्यासपीठावर कधी ऐकू येत नाही. पॅड वापरणारे पुरुष सुरुवातीला १ टक्का होते. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के. सहा वर्षांनी १७ टक्के. त्याच वेळी देखरेखीच्या गटात ८ आणि किरणोपचारांच्या गटात ४. या आकड्यांत दिलासाही आहे : निम्म्याच्या आसपास माणसं सहा महिन्यांनी पॅडवर असतात आणि त्यातली बरीचशी पुढे त्यातून बाहेर येतात. मग हे शस्त्रक्रियेच्या आधी का सांगू नये? माझ्याच बाबतीत संमतीपत्रावर सही घेताना रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भूल यांबद्दल नीट समजावलं गेलं. गळतीची बोळवण ‘थोडे दिवस होईल’ या तीन शब्दांवर झाली. थोडे म्हणजे किती, हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण कर्करोग हा शब्द ऐकल्यावर दुसरं काही सुचत नाही. म्हणून तर ते समोरच्यानं आपणहून सांगायचं असतं.

‘आता रोबोट आलाय’ हा दुसरा मुद्दा. मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयांच्या फलकांवर रोबोटचे यांत्रिक हात झळकतात. डॉक्टरांच्या व्याख्यानातही ते होते. रोबोटनं रक्त कमी जातं, रुग्णालयातला मुक्काम कमी होतो, हे मान्य. गळतीचं काय? स्वीडनमध्ये खुली शस्त्रक्रिया आणि रोबोटची शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांची एक मोठी तुलना झाली आणि २०१५ साली प्रसिद्ध झाली. एका वर्षानंतर दिवसातून किमान एकदा पॅड बदलावा लागणारे, रोबोटच्या गटात २१.३ टक्के, खुल्या शस्त्रक्रियेच्या गटात २०.२ टक्के. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीतही दोन वर्षांनंतर लघवीच्या ताब्यात दोन्हींमध्ये फरक आढळला नाही. यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्याचा अनुभव, रुग्णाचं वय, वजन, मूत्रनलिकेची लांबी आणि पुढे किरणोपचार द्यावे लागले का, यांवर जास्त अवलंबून असतं. तेव्हा सर्जनला ‘रोबोट आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘तुमच्या रुग्णांपैकी वर्षानंतर एकही पॅड न लागणारे किती’ असं विचारा. ‘एकही’ हा शब्द दाबून विचारा. कारण काही अभ्यासांत दिवसाला एक ‘खबरदारीचा’ पॅड वापरणाराही कोरडा म्हणून मोजलेला असतो, आणि तो पॅड पँटच्या आत आपल्याला घालायचा असतो.

मला सर्वांत जास्त खटकलं ते व्यायामाबद्दलचं विधान, म्हणून त्यावर जरा थांबतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम केगेलच्या नावानं ओळखला जातो. आर्नल्ड केगेल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४८ साली बाळंतपणानंतर लघवी निसटणाऱ्या बायकांसाठी तो मांडला. पुरुषांच्या वाट्याला तो नंतर आला. करावा का? जरूर करावा. मी करतो. शस्त्रक्रियेच्या आधीच शिकून घेतला तर बरं, कारण नंतर सुजलेल्या, दुखऱ्या जागी कोणता स्नायू आवळतोय हेच कळत नाही. बहुतेक जण पोट किंवा ढुंगण आवळतात, श्वास रोखतात आणि पोटातला दाब उलट वाढवतात. वारा अडवताना जो आवळतो तो स्नायू, आणि आवळताना अंडकोश किंचित वर उचलला जातो, ही खूण. उठण्याच्या, शिंकण्याच्या, ओझं उचलण्याच्या क्षणाआधी तो आवळायची सवय लावणं हे रोज शंभर वेळा यांत्रिकपणे आवळण्यापेक्षा उपयोगी पडतं. योगवर्गात मूलबंध शिकवतात, तो याच जातीचा; पण तिथे कुणी योग्य स्नायू आवळला जातोय का हे तपासत नाही. त्यासाठी या विषयातली फिजिओथेरपिस्ट लागते, आणि तिच्याकडे जायला पुरुष लाजतात.

पण ‘गळती आहे म्हणजे व्यायाम केला नाही’ हा निष्कर्ष कुठून आला? ब्रिटनमध्ये नेमक्या याच प्रश्नावर ‘मॅप्स’ नावाची चाचणी झाली, २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. शस्त्रक्रियेनंतर ज्यांना गळती होती अशांपैकी एका गटाला तज्ज्ञानं समोर बसवून चार वेळा व्यायाम शिकवला. दुसऱ्याला नेहमीची देखभाल आणि माहिती. वर्षानंतर थोडीफार का होईना गळती असलेले, पहिल्या गटात ७६ टक्के, दुसऱ्यात ७७. यावरून व्यायाम फुकट आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या गटातलेही बरेच जण आपापल्या परीनं तो करत होते. पण मन लावून, शिकून, नियमानं व्यायाम करूनही गळती राहू शकते, एवढं या आकड्यांतून स्वच्छ दिसतं. अशा माणसाला आळशी ठरवणं हा अन्याय आहे. आणि त्याचा तोटा असा की तो आणखी वर्षभर निमूट स्नायू आवळत बसतो, पुढच्या उपचाराची चौकशीसुद्धा करत नाही. त्याला वाटतं, दोष आपलाच.

वयाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कोरडा असलेला माणूस नळी काढल्याच्या दिवशी ओला होतो. मधल्या काळात तो किती म्हातारा झाला?

मग पुढचा उपचार कोणता? अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायामासारखे साधे उपाय करूनही सहा महिन्यांत सुधारणा दिसत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, आणि वर्षानंतरही त्रास देणारी गळती असेल तर तो पर्याय रुग्णापुढे ठेवायला हवा, असं त्यात आहे. घाई लागून गळणं हा वेगळा प्रकार. त्यावर मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या असतात. खोकल्या-शिंकेनं गळणं सौम्य किंवा मध्यम असेल तर मूत्रनलिकेला खालून आधार देणारी जाळीची पट्टी, ज्याला स्लिंग म्हणतात. जास्त असेल तर कृत्रिम स्फिंक्टर. ही कल्पना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनमध्ये ब्रँटली स्कॉट यांनी प्रत्यक्षात आणली. मूत्रनलिकेभोवती पाण्यानं भरलेलं कडं, पोटात एक छोटा फुगा, आणि अंडकोशाच्या पिशवीत एक छोटा पंप. लघवीला जायचं तेव्हा पंप दाबायचा. कडं सैल होतं, आणि काही मिनिटांत आपोआप पुन्हा आवळतं. बोटांत ताकद आणि डोक्यात भान हवं. काही वर्षांनी यंत्र बिघडतं, बदलावं लागतं. ते बसवलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही कारणानं रुग्णालयात न्यावं लागलं तर नळी घालण्याआधी ‘आत यंत्र आहे’ हे सांगणं अत्यावश्यक, नाहीतर मूत्रनलिकेला इजा होते; घरच्यांना हे माहीत हवं. खर्च लाखांच्या घरात जातो. ब्रिटनमध्ये स्लिंग आणि कृत्रिम स्फिंक्टर यांची तुलना करणारी चाचणी २०२१ साली आली. अगदी काटेकोर मोजलं तर दोन्ही गटांत बहुतेकांना वर्षानंतरही कधीमधी थेंब जात होते. पण त्रास खूप कमी झाला होता आणि माणसं समाधानी होती, कृत्रिम स्फिंक्टरवाली थोडी अधिक. ठार कोरडं करून देतो असं म्हणणाऱ्यावर इथेही विश्वास ठेवू नये.

हे सगळं डॉक्टरांच्या तासाभराच्या व्याख्यानात एका वाक्यानंही आलं नाही. तो वेळ सकारात्मक विचारांना गेला.

या ‘आभार माना’ विचारसरणीचा आणखी एक फायदा इतरांना होतो : व्यवस्थेला काहीच करावं लागत नाही. आरोग्य विम्यात सहसा न मिळणाऱ्या वस्तूंची जी प्रमाणित यादी आहे तीत ‘कुठल्याही प्रकारचे डायपर’ असा उल्लेख आहे. शेजारी बेबी फूड, सौंदर्यसेवा, इंटरनेटचा आकार वगैरे. म्हणजे रोबोटचं लाखांचं बिल मंजूर होतं, आणि त्याच शस्त्रक्रियेनं महिनोन् महिने लागणारा डायपर चैनीच्या रांगेत बसतो. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी जुलै २०१८मध्ये शून्य झाला, कारण बायकांनी त्यासाठी आवाज केला. डायपरवरचा १२ टक्के कर ५ टक्क्यांवर यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळीनं २०११पासून स्त्रियांच्या मुताऱ्यांचा प्रश्न रस्त्यावर आणला. त्यांना आपण हसलो होतो. आता पुरुषांच्या स्वच्छतागृहात जाऊन बघा. ओला पॅड टाकायला कुठे झाकणाची पेटी आहे? एसटी स्टँडवर नाही, रेल्वेत नाही, नाट्यगृहात नाही, बऱ्याच रुग्णालयांतही नाही. माणूस तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खिशात घालून घरी आणतो. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कर्करोगाच्या संस्थेनं पुरुषांच्या स्वच्छतागृहांत अशा पेट्या ठेवा म्हणून मोहीम चालवली. आपल्याकडे पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचक बायकांनी वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा एवढंच मागितलं होतं. डायपर वापरणाऱ्या आजोबांनी तरी ते पाळावं. आपली लाज दुसऱ्याच्या हाताला लागू नये.

लाजेपायी माणूस आणखी एक चूक करतो, आणि तीही कुणी सांगत नाही म्हणून. तो पाणी तोडतो. प्रवास असला की सकाळपासून घोटभरही घेत नाही. दाट झालेली लघवी मूत्राशयाला चिडवते, घाई वाढते, बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथण्यानं गळती आणखी वाढते. पाणी नेहमीइतकं प्यावं, झोपेआधीचं थोडं कमी करावं. तोडायचाच तर चहा तोडावा. (हे मला अजून जमलेलं नाही, पण ते सल्ल्याविरुद्धचं कारण होऊ शकत नाही.)

डॉक्टरांना माझी हरकत कृतज्ञतेला नाही. ज्यांनी माझी गाठ काढली त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण आदर असलेल्या माणसालाही हिशेब विचारता येतो. सर्जन दर तीन महिन्यांनी पीएसएचा आकडा मागतात, तो कागदावर लिहितात, शून्याच्या जवळ असला की खूश होतात. गळतीचा आकडा कुणी मागत नाही, म्हणून तो कुठल्याच कागदावर नसतो, आणि म्हणून व्यासपीठावरून ‘प्रश्न संपला’ असं बिनदिक्कत सांगता येतं. हा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. एक दिवसाचे सगळे वापरलेले पॅड वजनकाट्यावर ठेवा, तेवढ्याच कोऱ्या पॅडांचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर.

तेव्हा ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना विनंती : पुढच्या तपासणीला जाण्याआधी हे वजन करा, चोवीस तासांचे ग्रॅम आणि पॅडची संख्या पीएसएच्या रिपोर्टवरच ठळक लिहा, आणि तो कागद सर्जनच्या हातात द्या. ‘जीव वाचला ना’ असं उत्तर आलं तर ‘हो, वाचला, आता याचं काय करायचं?’ असं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.